क्षारांची नावं शेपटाकडून वाचा

पस्तीस वर्षं मी शाळेच्या केमिस्ट्री लॅबमध्ये साहाय्यक होतो. शिकवणं माझ्याकडे नव्हतं. बाटल्या पुसायच्या, द्रावणं करून ठेवायची, फुटलेल्या परीक्षानळ्यांचा हिशेब वहीत मांडायचा, आणि पोरं गेल्यावर सिंकमध्ये काय काय ओतून गेलीत ते बघून कपाळावर हात मारायचा, एवढं माझं काम. आता निवृत्त झालो, तरी संध्याकाळी आमच्या सोप्यावर वाड्यातली नववी-दहावीची चार पोरं येऊन बसतात. चौथीपर्यंत मराठीत शिकलेली, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. गणितात निभावतात. पण सोडियम सल्फाइट, कॉपर नायट्रेट, आयर्न टू क्लोराइड अशी नावं सुरू झाली की त्यांचे चेहरे बघवत नाहीत. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. सूत्रं मी तोंडी वाचतो तशी लिहिली आहेत, एन-ए-सी-एल वगैरे. तुम्ही वहीत रोमन अक्षरांतच लिहा, आणि आकडे अक्षरांच्या पायाशी, बारीक.

आधी एक जुनी गोष्ट. एका वर्षी चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी संपून शाळा उघडली. लॅबचं कपाट उघडलं तर खालच्या फळीला ओल धरलेली आणि तीन बाटल्यांची लेबलं कसरीने अर्धी खाल्लेली. तिन्हींवर उरलं होतं ते एवढंच: 'सोडियम सल्फ'. पुढचं शेपूट कसरीच्या पोटात. दोष माझाच, सुट्टीपूर्वी बाटल्या वरच्या फळीवर चढवायला हव्या होत्या. पुढच्या आठवड्यात बारावीचं प्रॅक्टिकल होतं.

एक बाटली उघडताक्षणी कळली. पिवळट चकत्या, आणि झाकण फिरवताच कुजक्या अंड्याचा वास. ते सोडियम सल्फाइड. उरल्या दोन. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींत बघण्यासारखं काही नाही. सरांनी दोन परीक्षानळ्यांत चिमूट चिमूट घेतली आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले. एकीत फसफस झाली आणि आगकाडी ओढल्यावर नाकात जातो तसला झणका आला. डायक्रोमेटच्या द्रावणात भिजवलेला नारिंगी कागद नळीच्या तोंडाशी धरला, तो हिरवा पडला. ते सोडियम सल्फाइट. दुसरी नळी गप्प. तिच्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकल्यावर पांढरा साका बसला. ते सोडियम सल्फेट. (हे घरी करायला जाऊ नका. सल्फाइडवर आम्ल पडलं की निघणारा वायू विषारी असतो.)

तिन्ही बाटल्यांत सोडियम तेच, गंधक तेच. फरक सगळा शेपटात. म्हणून मी पोरांना सांगतो, नाव पुढून वाचत आलात तरी बोट शेवटच्या अक्षरावर ठेवा.

शेपटं तीनच. 'आइड' म्हणजे मूलद्रव्य एकटंच ऋण आयन, म्हणजे उणे विद्युतप्रभाराचा कण, होऊन आलंय. क्लोरीनचं क्लोराइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड, गंधकाचं सल्फाइड, नायट्रोजनचं नायट्राइड. 'एट' म्हणजे सोबत ऑक्सिजनचं बिऱ्हाड आहे: सल्फेटमध्ये एका गंधकाला चार ऑक्सिजन, नायट्रेटमध्ये एका नायट्रोजनला तीन. 'आइट' म्हणजे त्याच बिऱ्हाडातला एक ऑक्सिजन कमी: सल्फाइटमध्ये तीन, नायट्राइटमध्ये दोन. ऑक्सिजन कमी झाला तरी प्रभार तोच राहतो. सल्फेट उणे दोन, सल्फाइटही उणे दोन. 'आइड' आणि 'आइट' यांतला ड आणि ट वर्गात मागच्या बाकावर सारखाच ऐकू येतो, तेव्हा शिक्षकांनी तोंडी सांगितलेलं नाव फळ्यावर बघून घ्या. ट म्हणजे ऑक्सिजन आहे, ड म्हणजे नाही, असं मी सांगून टाकतो. पण 'आइड' म्हणजे एकटंच मूलद्रव्य, या नियमाला दोन फितूर आहेत. हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघं असून शेपूट ड-चं, आणि सायनाइडमध्ये कार्बन-नायट्रोजनची जोडी असून शेपूट ड-चंच. ही दोन लक्षात ठेवली की झालं. पेरॉक्साइड पुढच्या इयत्तेत बघा.

सल्फेटमध्ये चार आणि नायट्रेटमध्ये तीनच का, हे शेपूट सांगत नाही. ते पाठ करावं लागतं, सुटका नाही. पण पाठ करायचं फार नाही: अमोनियम अधिक एक, हायड्रॉक्साइड, नायट्रेट आणि हायड्रोजन कार्बोनेट उणे एक, कार्बोनेट आणि सल्फेट उणे दोन, फॉस्फेट उणे तीन. हे सात आयन झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवेत.

आता नावाचा पुढचा तुकडा. तिथे धन आयन बसतो, बहुतेक वेळा धातू, आणि त्याचं नाव जसंच्या तसं. सोडियमचं सोडियम, कॅल्शियमचं कॅल्शियम. धातू नसून पुढे बसणारा एकच पाहुणा तुम्हांला नेहमी भेटेल, अमोनियम. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो आणि धूर होतो तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड.

सरावाला माझ्याकडे एक आयतं उदाहरण आहे. माझं आजोळ गोव्यातल्या आगरवाड्याचं. गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सरकवत उन्हात आटवायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे मिळून साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी थोडासा कॅल्शियम कार्बोनेट बसतो. पाणी चौथाई होत आलं की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. एक दशांशावर आलं की मग आपलं मीठ, सोडियम क्लोराइड. आणि शेवटी जे दाट, कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट. मामा ते पाणी जिभेला लावून बघायला सांगायचा आणि आमची तोंडं वाकडी झाली की हसायचा. मिठाच्या राशीवर चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, घालून ठेवली तरी राशीच्या बुडातून तेच कडू पाणी पाझरत राहायचं. पावसाळ्यात जाडं मीठ बरणीत ओलं होतं ते मुख्यतः त्यात उरलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे, हवेतलं पाणी ते ओढून घेतं.

एका आगरातली ही पाच नावं परत वाचा. पुढे तीन धातू आलटून पालटून, मागे तीन ऋण आयन: कार्बोनेट, सल्फेट, क्लोराइड. दोन यादीतली नावं एकमेकांना जोडायची, दुसरं काही नाही. मॅग्नेशियम आणि कार्बोनेट जोडा, मॅग्नेशियम कार्बोनेट. कॅल्शियम आणि क्लोराइड जोडा, कॅल्शियम क्लोराइड.

(जाता जाता: मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली. यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघून आलेली पोरं मीठ आणि कॉस्टिक सोडा एका पंगतीला बसवतात ती त्यामुळे.)

कॅल्शियम क्लोराइडचं सूत्र सी-ए-सी-एल-टू. क्लोरीन दोन आहेत, म्हणून पोरगं हमखास लिहितं 'कॅल्शियम डायक्लोराइड'. लिहू नका. डाय, ट्राय हे कार्बन डायऑक्साइडसारख्या संयुगांसाठी, जिथे दोन्ही अधातू असतात आणि कोण किती येईल याचा नेम नसतो. क्षारात नेम असतो, कारण हिशेब शून्यावर यावा लागतो. कॅल्शियम अधिक दोन, क्लोराइड उणे एक, मग क्लोराइड दोनच लागणार. जे हिशेबातून आपोआप कळतं ते नावात सांगायचं नाही.

नावावरून सूत्र काढतानाही हाच हिशेब उलट करायचा. ॲल्युमिनियम सल्फेट घ्या. ॲल्युमिनियम अधिक तीन, सल्फेट उणे दोन. दोघांचा मेळ सहावर बसतो: दोन ॲल्युमिनियम, तीन सल्फेट. पोरं प्रभार तिरपे उतरवून झटपट सूत्र लिहितात. चालतं, पण दोन जागी ठेच लागते. मॅग्नेशियम ऑक्साइडला तिरपं केलं की एम-जी-टू-ओ-टू येतं. त्याला दोनाने भागून एम-जी-ओ करायचं राहून जातं. दुसरी ठेच कंसाची. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये हायड्रॉक्साइड दोन, म्हणून ओ-एच कंसात आणि दोन कंसाबाहेर. कंस गाळला तर तो दोन एकट्या हायड्रोजनला चिकटतो आणि एक ऑक्सिजन हरवतो. पेपर तपासणारा त्याला पूर्ण गुण देत नाही आणि ते बरोबरच आहे.

इथवर सोपं, कारण सोडियम, पोटॅशियम नेहमी अधिक एक. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम अधिक दोन. ॲल्युमिनियम अधिक तीन. शाळेच्या पुस्तकात जस्त दोन आणि चांदी एक धरली तरी बिघडत नाही. ही माणसं एकवचनी. खरी पंचाईत लोखंड, तांबं, शिसं, कथील, पारा यांची. हे प्रसंग बघून प्रभार बदलतात.

डिचोली-सांखळीच्या बाजूला लहानपणी गेलो की झाडांची पानंसुद्धा तांबूस दिसायची. खाणीच्या ट्रकांची धूळ. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या, त्या कथेत इथे शिरत नाही. ती लाल धूळ म्हणजे हेमेटाइट, सूत्र एफ-ई-टू-ओ-थ्री. याला नुसतं आयर्न ऑक्साइड म्हणून भागत नाही, कारण एफ-ई-ओ नावाचं दुसरं आयर्न ऑक्साइड आहे आणि ते काळं असतं. मग कुठलं ते सांगायचं कसं?

ज्याचा प्रभार पक्का माहीत आहे त्याच्याकडून सुरुवात करा. ऑक्साइड उणे दोन. तीन ऑक्साइड, म्हणजे उणे सहा. समोर अधिक सहा हवेत, आणि लोखंडं आहेत दोन. प्रत्येकाच्या वाट्याला तीन. म्हणून धातूच्या नावाला चिकटून कंसात रोमन तीन, उभ्या तीन रेघा, आणि वाचायचं 'आयर्न थ्री ऑक्साइड'. एफ-ई-ओ मध्ये एक ऑक्साइड, एक लोखंड, वाट्याला दोन. आयर्न टू ऑक्साइड.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघा, कारण माझ्या सोप्यावर सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. कंसातला आकडा लोखंडं किती ते सांगत नाही. एकेका लोखंडावर प्रभार किती, ते सांगतो. हेमेटाइटमध्ये लोखंडं दोन, आणि आकडा तीन. तांब्याचं लाल ऑक्साइड घ्या, सी-यू-टू-ओ. तांबी दोन दिसतात म्हणून पोरगी लिहिते 'कॉपर टू ऑक्साइड'. चूक. एक ऑक्साइड उणे दोन, दोन तांब्यांत वाटून प्रत्येकी एक. ते कॉपर वन ऑक्साइड. कॉपर टू ऑक्साइड म्हणजे काळं, सी-यू-ओ, ज्याच्या सूत्रात दोन कुठेच दिसत नाही! सूत्रातला आकडा उचलून कंसात टाकायचा मोह झाला की हात मागे घ्या आणि आधी ऋण बाजूची बेरीज करा.

ही रोमन आकड्यांची पद्धत आल्फ्रेड स्टॉक नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ साली सुचवली. त्याआधी नावं फेरस आणि फेरिक, क्युप्रस आणि क्युप्रिक अशी चालायची. 'अस' म्हणजे कमी प्रभार, 'इक' म्हणजे जास्त. अडचण अशी की कमी म्हणजे किती ते धातूगणिक बदलतं. फेरस दोन, फेरिक तीन. पण क्युप्रस एक, क्युप्रिक दोन. तरी जुनी नावं औषधाच्या दुकानातून अजून गेली नाहीत. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या आणल्यात तर त्यावर फेरस सल्फेट असं दिसेल. आयर्न टू सल्फेट तेच, आणि जुन्या माणसांचा हिराकस म्हणजेही हेच, फक्त पाणी धरून बसलेलं. दोन्ही पद्धती यायला हव्यात, पण उत्तरपत्रिकेत स्टॉकची लिहा.

या स्टॉकसाहेबाला लॅबमधल्या पाऱ्याच्या वाफांनी विषबाधा झाली होती, आणि पुढे पाऱ्याच्या धोक्याबद्दल तो लोकांना सावध करत राहिला. त्याच्या आकड्याची किंमत पाऱ्याइतकी दुसरा कुठला धातू दाखवत नाही. मर्क्युरी वन क्लोराइड एके काळी जुलाबाचं औषध म्हणून पोटात देत असत (आता कोणी देणार नाही). मर्क्युरी टू क्लोराइड म्हणजे जालीम विष. मूलद्रव्यं तीच दोन, कंसात एका रेघेचा फरक.

तांब्याकडे परत येतो, कारण पेडण्यातून सत्तरीपर्यंत ज्यांच्या घरी कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे त्यांच्याकडे मोरचुदाची पिशवी असतेच. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदाचं पूर्ण नाव कॉपर टू सल्फेट पेंटाहायड्रेट. सल्फेट उणे दोन, एकच आहे, समोर तांबं एक, म्हणून टू. आणि 'पेंटा' बघून गोंधळू नका. मघाशी डाय-ट्राय नको म्हणालो ते आयनांच्या बाबतीत. इथे पाच मोजलेत ते स्फटिकात अडकलेले पाण्याचे रेणू, आणि ते किती हे कुठल्याच हिशेबातून निघत नाही, म्हणून सांगावंच लागतं. लॅबमध्ये मी निळा खडा परीक्षानळीत तापवून दाखवायचो. नळीच्या वरच्या थंड भागाला पाण्याचे थेंब धरतात आणि खडा पांढरा भुगा होतो. त्यावर ड्रॉपरने एक थेंब पाणी टाकलं की निळा डाग पसरत जातो. दरवर्षी बघूनही मला ते बघावंसं वाटायचं.

स्वयंपाकघरात एक जुनं नाव अजून फसवतं. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आमच्याकडे बाय म्हणजे मुलगी, पण इथलं बाय म्हणजे दोन असं पोरांना वाटतं आणि ती कार्बोनेट दोनदा लिहितात. तितक्याच सोडियममागे धुण्याच्या सोड्याच्या दुप्पट कार्बोनेट निघतो म्हणून जुन्या लोकांनी ते नाव दिलं. आजचं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट, सूत्र एन-ए-एच-सी-ओ-थ्री. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्यात सोडियम दोन.

आता सराव. वहीत न करता घरातल्या पाकिटांवर करा. आयोडीनयुक्त मिठात आपल्या देशात घालतात तो पोटॅशियम आयोडेट. शेपूट एट, म्हणजे ऑक्सिजनसकट. पोटॅशियम आयोडाइड दमट हवेत लवकर बिघडतो, आयोडेट टिकतो, आणि आपला पावसाळा तुम्हांला माहीतच आहे. फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. क्लोरीनच्या घरात चार भावंडं आहेत, हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट, ऑक्सिजन अनुक्रमे एक, दोन, तीन, चार.

परवा एका पोरीने घरून ओआरएसचं पाकीट आणलं. लिटरभर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम, बाकी ग्लुकोज. बोट तिसऱ्या नावावर ठेवून म्हणाली, "आबा, तुम्ही तर म्हणाला होता ट्राय लावायचं नाही."

बरोबर धरलं होतं तिने. सायट्रिक आम्लात धातूने काढून घेण्याजोगे हायड्रोजन तीन. सोडियम त्यांतल्या एकाची जागा घेऊ शकतो, दोघांची किंवा तिघांची, आणि तिन्ही वेगवेगळे क्षार खरोखर बाजारात मिळतात. नुसतं सोडियम सायट्रेट म्हटलं तर कुठला ते कळत नाही, म्हणून तिथे मोजून सांगतात. थोडा वेळ ती पाकिटाकडे बघत राहिली. मग तिनेच विचारलं, "आणि हे डाय पाण्याचं, ना?"